कडब्यावर जगणारी गाय धान्यानं आडवी का पडते?

माणगंगेकाठी (धागाकर्ता) | बुधवार, रात्री 10:40

मंडळी, आज मन थाऱ्यावर नाही. पण एक प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलोय.

आमची चांदणी, तिसऱ्या वेताची संकरित गाय. काल पहाटे तिचं दावं सुटलं आणि ती पडवीत शिरली. तिथं मक्याच्या भरड्याचं पोतं उघडं होतं. आम्ही उठेपर्यंत दहा-बारा किलो तरी खाऊन झालं असेल. दुपारपर्यंत तिला काहीच झालं नाही. संध्याकाळी वैरणीला तोंड लावलं नाही, रात्री दात खायला लागली आणि आज सकाळी उठवेना. डाव्या कुशीवर मूठ दाबली तर आत पाण्यानं भरलेल्या पखालीसारखं डबडब हलत होतं. शेण पातळ, आंबूस वासाचं, त्यात मक्याचे कण तसेच. रवंथ पूर्ण बंद.

डॉक्टर आले, सलाईन लावलं, खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला. म्हणाले, वेळेत बोलावलंत. जाताना एक वाक्य बोलले ते मनात अडकून बसलंय: "हिच्या पोटातले जंतू मेलेत. ते परत आणले तरच ही जगेल."

आमच्याकडं रानात शाळू असतो. एकाच ताटाचं कणीस आम्ही भाकरीला घेतो आणि बाकीचा कडबा हिच्यापुढं टाकतो. मी कडबा खाल्ला तर उपाशी मरेन. ती त्यावर जगते, वर दूध देते. आणि दाणे, ज्यात ताकद जास्त असं आपण धरून चालतो, ते पोटभर खाल्ले तर मरणाला टेकते. हे असं उलटं का? आणि जंतू मेले तर गाय का मरावी? आपल्याकडं तर जंतू मारायला औषध देतात.

---

सोलापूरची लेक | बुधवार, रात्री 10:58

दादा, वाचून जीव हळहळला. चांदणी लवकर उठून उभी राहू दे. कळवत राहा.

---

गोठाच माझं घर | बुधवार, रात्री 11:15

आमच्याकडं दोन पंढरपुरी म्हशी आणि तीन गाई आहेत, कोल्हापूरजवळ. चार वर्षांपूर्वी हेच झालं होतं. लग्नघरातला उरलेला भात आणि पुऱ्या मायेपोटी म्हशीपुढं टाकल्या होत्या कुणीतरी. आम्हाला कळायला उशीर झाला, म्हैस गेली. म्हणून सांगते, आता दोन दिवस भरडा, पेंड, भात, भाकरी काही म्हणजे काही नको. चांगला वाळलेला कडबा थोडा थोडा पुढं ठेवा, खाल्ला तर खाल्ला. पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, भसकन बादलीभर पाजू नका. आणि ती सारखी एकाच कुशीवर राहणार नाही हे बघा, दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्या.

प्रश्न मलाही पडलेला आहे, उत्तर कुणी जाणकारानं द्यावं.

---

पेशीवाली | गुरुवार, सकाळी 7:05

मी जीवरसायन शिकवते, गोठ्याचा अनुभव नाही. त्यामुळे उपचारांबद्दल बोलणार नाही, पण प्रश्न माझ्या विषयाच्या गाभ्यातला आहे.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. दाण्यात ताकद जास्त आणि कडब्यात कमी असं नाही. एक ग्रॅम वाळलेला दाणा आणि एक ग्रॅम वाळलेला कडबा जाळला, तर दोन्हीतून साधारण चार किलोकॅलरी उष्णता निघते. चुलीला विचारा, तिला फरक कळणार नाही. दोन्ही एकाच पानांनी, एकाच उन्हातून साठवलेलं आहे. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेलं पाणी घेऊन उन्हाच्या जोरावर साखर बनवतं. त्या साखरेचे मणी ओवून झाड दोन तऱ्हेच्या माळा करतं. एक स्टार्च, ती दाण्यात पुढच्या रोपाची शिदोरी म्हणून ठेवतं. दुसरी सेल्युलोज, तिचा ताट उभं ठेवायला उपयोग होतो. मणी दोन्हींत तोच, ग्लुकोज. फक्त एका माळेत मणी एका बाजूनं जोडलेले, दुसरीत एक सुलटा एक उलटा. एवढ्यानं स्टार्चची माळ सैल, वेटोळी होते आणि सेल्युलोजची सरळ, एकमेकींना घट्ट चिकटून दोरखंड होणारी.

आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडात स्टार्चची गाठ सोडणारी विकरं (एन्झाइम) आहेत. सेल्युलोजची गाठ सोडणारं विकर माणसाजवळ नाही. आणि माणदेशी दादा, ते चांदणीजवळही नाही! गाय, म्हैस, शेळी, हत्ती, घोडा, यातल्या कुणाचंच स्वतःचं शरीर ते बनवत नाही. ते बनवतात जंतू.

म्हणजे तुमची गाय खरं तर कडबा खात नाही. ती जंतूंना कडबा घालते आणि जंतूंचं उष्टं खाते.

---

कुतूहल | गुरुवार, सकाळी 8:30

ताई, "जंतूंचं उष्टं" जरा उलगडून सांगाल? जंतूंनी कडबा पचवला तर ऊर्जा ते स्वतःच वापरतील ना? गाईला का सोडतील?

---

पेशीवाली | गुरुवार, दुपारी 1:20

फार नेमका प्रश्न विचारलात. सगळी गोम इथंच आहे.

गाईच्या पोटाचे चार कप्पे. पहिला सगळ्यात मोठा, त्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या गाईत त्यात शंभर-दीडशे लिटर ऐवज सहज मावतो. आत अंधार, एकोणचाळीस अंशांच्या आसपासची ऊब, आणि ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. हे शेवटचं लक्षात ठेवा.

कुठलाही सजीव साखरेतून ऊर्जा काढतो म्हणजे साखर टप्प्याटप्प्यानं मोडतो आणि सुटणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरतो. एटीपी म्हणजे पेशीचे सुटे पैसे. स्नायू आखडायचा, प्रथिन बांधायचं, दूध तयार करायचं, सगळीकडं हेच सुटे मोजावे लागतात. ऑक्सिजन असेल तर साखर पार कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत जाळता येते आणि एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी पदरात पडतात. ऑक्सिजन नसेल तर मोडतोड अर्ध्या वाटेवर थांबते. हातात येतात दोन-चार एटीपी, आणि उरलेला अर्धवट जळका माल पेशीला बाहेर टाकावा लागतो.

कोटीपोटातले जंतू हेच करतात. सेल्युलोजची माळ तोडतात, आपले दोन-चार सुटे घेतात आणि बाकीचं आम्लांच्या रूपात टाकून देतात. ही आम्लं मुख्यतः तीन: अॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. पहिलं म्हणजे आपल्या घरातल्या व्हिनेगरमधलं. जंतूंच्या दृष्टीनं हा कचरा आहे, पण मूळ साखरेतली बहुतेक ऊर्जा अजून त्यातच आहे. तो जाळायला ऑक्सिजन लागतो, आणि ऑक्सिजन आहे गाईच्या रक्तात. कोटीपोटाची भिंत ही आम्लं शोषून घेते आणि गाईच्या पेशी ती जाळतात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण 70 टक्के अशी या आम्लांतून येते. दुधातल्या फॅटचा मोठा भाग अॅसिटिकपासून. प्रोपिऑनिकपासून यकृत ग्लुकोज बनवतं आणि त्यातून दुधातली साखर होते. चांदणी आयुष्यभर ग्लुकोजच्या माळा चघळते, पण आतड्यातून तिला ग्लुकोज जवळजवळ मिळतच नाही. तिला ते घरी बनवावं लागतं.

शिवाय हे जंतू पुढच्या कप्प्यांत वाहत जातात तेव्हा गाय त्यांनाही पचवते. तिच्या प्रथिनांचा मोठा वाटा तिथूनच येतो.

---

विस्कॉन्सिनकर | गुरुवार, संध्याकाळी 6:45

मी इथं विद्यापीठात शिकत असताना हा कारखाना हातानं पाहिलाय. संशोधनासाठी काही गाईंच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रियेनं भोक पाडून त्याला रबरी झाकण बसवलेलं असतं. मोठा हातमोजा घालून आत कोपरापर्यंत हात घातला. कढत नाही, पण चांगलं उबदार. वरच्या बाजूला गवताचा ओला, दाट थर, जणू भिजवलेली गादी. खाली हात नेला तर पातळ रस्सा. आणि सगळं सारखं हलत होतं, मिनिटातून एक-दोनदा पोट आवळायचं आणि माझा हात सोबत ढकलला जायचा. वास आंबूस, थोडासा मुरघासासारखा.

त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा मी कितीतरी वेळ उठलो नाही. आदिजीव, म्हणजे जिवाणूंहून मोठे एकपेशीय जीव, इकडून तिकडं धावत होते, गवताच्या तुकड्यांच्या कडेला जिवाणू चिकटलेले. रॉबर्ट हंगेट या अमेरिकी शास्त्रज्ञानं ऑक्सिजन टाळून हे जंतू बाटलीत वाढवण्याची रीत बसवली, त्यातून हा सगळा विषय उभा राहिला. 1966 साली त्यांनी कोटीपोट आणि त्यातल्या जंतूंवर ग्रंथ लिहिला.

---

सोलापूरची लेक | गुरुवार, संध्याकाळी 7:10

पण त्या गाईला त्रास होत नाही का? कुशीला भोक म्हणजे ऐकूनच कसं तरी होतं.

---

विस्कॉन्सिनकर | गुरुवार, संध्याकाळी 7:32

शस्त्रक्रिया भूल देऊन करतात, जखम भरल्यावर त्या कळपात इतरांसारख्याच चरतात, वितात आणि पुष्कळ वर्षं जगतात. तरी तुमचा प्रश्न रास्त आहे. मला पहिल्या दिवशी हात घालायला धीर होत नव्हता. आमच्या गोठ्यात अशी एक म्हातारी गाय होती, आजारी गाई आल्या की हिच्या पोटातला रस्सा काढून त्यांना पाजत. दादा, तुमचे डॉक्टर "जंतू परत आणायचे" म्हणाले ते हेच असणार.

---

निवृत्त पशुवैद्य | गुरुवार, रात्री 9:00

छत्तीस वर्षं मराठवाड्यात आणि सोलापूर पट्ट्यात गोठे फिरलो. धाग्याचा अर्धा प्रश्न अजून बाकी आहे: दाण्यानं गाय का पडते.

सेल्युलोज मोडणारे जंतू संथ कामाचे. कडबा तास न् तास कुजतो, आम्ल हळूहळू निघतं, पोटाची भिंत ते तितक्याच चालीनं शोषते. वर गाय रवंथ करते. आपल्याला वाटतं रवंथ म्हणजे फक्त बारीक चावणं. तसं नाही. मोठी गाय दिवसाला शंभर लिटर किंवा त्याहून जास्त लाळ गिळते आणि त्या लाळेत सोडा असतो. म्हणजे जनावर रवंथ करता करता आपल्या पोटातलं आम्ल स्वतःच मारत असतं. कडबा नसेल तर चावणं कमी, चावणं कमी तर लाळ कमी.

आता एकदम दहा किलो भरडा आला. स्टार्चची सैल माळ, त्यात दळलेली. त्यावर दुसऱ्या जातीचे जिवाणू तुटून पडतात आणि काही तासांत बेसुमार वाढतात. ते लॅक्टिक आम्ल सोडतात, दह्यातलं, पण वरच्या तिघांपेक्षा कितीतरी जहाल. उन्हाळ्यात आंबोळीचं पीठ रात्रभर बाहेर राहिलं की भांड्याबाहेर उतू जातं आणि तोंडात घालवत नाही इतकं आंबतं, तेच इथं होतं. सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचाच्या खाली गेला की कडबा पचवणारे जंतू आणि आदिजीव मरू लागतात. मग आम्लाला पुरून उरणारे तेवढे राहतात आणि अजून आम्ल करतात. दाट झालेला ऐवज रक्तातलं पाणी पोटात ओढतो, म्हणून तुम्हाला पखाल लागली हाताला, आणि म्हणूनच डोळे खोल जातात. आम्ल रक्तात उतरतं. वाचलेल्या गाईच्या खुरांना पुढं आठवड्यांनी सूज येते, त्यावर लक्ष ठेवा.

थोडक्यात, तिच्या पोटात ऊर्जा कमी पडली नाही. ऊर्जा इतक्या वेगानं सुटली की ती वापरणारी घडीच मोडली. आता कडबा पुढं ठेवला तरी तो पचवायला आत कुणी नाही.

पूर्वी औषधांची वानवा असायची तेव्हा आम्ही निरोगी बैलाच्या पोटात नळी घालून रस्सा काढायचो, फडक्यातून गाळायचो आणि कोमट असतानाच आजारी जनावराला पाजायचो. गार होऊ द्यायचा नाही, हवेत उघडा ठेवायचा नाही.

---

माणगंगेकाठी (धागाकर्ता) | शुक्रवार, सकाळी 6:20

रात्रभर तिच्याजवळच होतो. उठली नाही, पण कान गार होते ते जरा कोमट लागतायत. डॉक्टर दुपारी येणार आहेत, शेजारच्या अण्णांचा खिलार बैल सांगून ठेवलाय, त्याचाच रस्सा काढायचाय.

आई म्हणते, फार अशक्त झालीय, गुळाचं पाणी पाजू. गूळ म्हणजे तर नुसती साखर, लगेच ताकद येईल ना? कुणीतरी लवकर सांगा.

---

निवृत्त पशुवैद्य | शुक्रवार, सकाळी 6:34

नको! अजिबात नको. आईंची माया कळते, पण गूळ रक्तात जाणार नाही, आधी कोटीपोटात पडेल आणि तिथं उरलेत ते आम्ल करणारेच जंतू. त्यांनाच खाऊ होईल. साखर द्यायचीच तर डॉक्टर शिरेतून देतील.

---

पेशीवाली | शुक्रवार, सकाळी 7:15

काकांना पूर्ण अनुमोदन. आईंना असं सांगा: माणसाला गूळ दिला तर तो माणूसच खातो, गाईला दिला तर आधी तिचे जंतू खातात.

याला एक अपवाद आहे, तो मला फार आवडतो. वासरू. नुकतं जन्मलेलं वासरू मान वर करून दूध ओढतं तेव्हा अन्ननळीच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं. पहिले काही आठवडे वासराचं पोट आपल्यासारखंच चालतं, दुधातली साखर थेट रक्तात. त्याचं कोटीपोट लहान, लिबलिबीत असतं. आईला चाटत, गवताच्या काड्या चघळत, दुसऱ्यांच्या लाळेतून हळूहळू जंतू येतात, आणि त्यांची आम्लं लागली की पोटाची भिंत वाढते. वासराची गाय होते ती जंतू आल्यावर.

---

छावणीचा साक्षीदार | शुक्रवार, सकाळी 10:50

मी माण तालुक्यातला. 2012-13 च्या दुष्काळात आमची चार जनावरं सहा महिने चारा छावणीत होती. तिथं बहुतेक दिवस ऊस आणि उसाचं वाढं. ऊस म्हणजे साखरेची खाण, तरी जनावरं दिवसेंदिवस खंगत गेली, बरगड्या मोजता यायच्या, दूध तुटलं. तेव्हा आम्ही उसालाच नावं ठेवायचो. आज या धाग्यावरून विचारावंसं वाटतं, साखर असून ती लागत का नव्हती?

---

पेशीवाली | शुक्रवार, दुपारी 2:05

जंतूंना जगायला नुसती ऊर्जा पुरत नाही, अंग बांधायला नायट्रोजन लागतो. उसात साखर आहे, प्रथिन नावाला. जंतू वाढले नाहीत की तंतू पचत नाहीत, पोट जड राहतं, जनावर खाणंच कमी करतं. चूल पेटलेली आहे, पण रांधायला हात नाहीत. वाळलेल्या निकस वैरणीवर युरियाची प्रक्रिया करतात त्यामागं हेच आहे: शंभर किलो वैरणीला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि हवाबंद दाबून तीन आठवडे ठेवायचं. त्यानं तंतूंची घट्ट वीणही सैल होते आणि जंतूंना नायट्रोजनही मिळतो.

---

गोठाच माझं घर | शुक्रवार, दुपारी 3:30

यात एक भर घालते, कारण यातून जनावरं दगावलीत. हे पहिल्यांदा करताना जाणत्या माणसाला शेजारी उभं करा. युरियाचं पाणी बादलीत राहिलं आणि जनावरानं पिलं तर तासाभरात खेळ संपतो.

---

निवृत्त पशुवैद्य | शुक्रवार, रात्री 8:40

विषाचा विषय निघालाच आहे तर शाळू-ज्वारीवाल्यांसाठी एक सांगतो.

पावसानं ओढ दिली की गुडघ्याएवढी ज्वारी सुकते, शेतकरी म्हणतो पीक गेलंच आहे, जनावरं सोडू. एका गावात मी पोचलो तेव्हा बांधावर दोन बैल आडवे होते आणि तिसरा धापा टाकत होता. श्वास घेत होता, छाती हलत होती, आणि तरी गुदमरत होता. त्याच्या पापणीच्या आत पाहिलं तर रंग निळसर नाही, लालबुंद. कोवळ्या, ताणावरच्या ज्वारीत सायनाईड सोडणारं द्रव्य असतं. कोटीपोटातले जंतू ते झपाट्यानं फोडतात. सायनाईड पेशीत जाऊन ऑक्सिजन वापरण्याचा शेवटचा टप्पाच बंद करतं. रक्त ऑक्सिजननं भरलेलं, पण पेशीला तो घेता येत नाही, म्हणून रक्त लाल ते लालच राहतं. वर ताईंनी "तीसेक एटीपी" म्हटलं ना, ते एका फटक्यात थांबतात. मेंदू आणि हृदय दोन-चार एटीपीवर चालत नाहीत.

तिसऱ्या बैलाला शिरेतून सोडियम नायट्राइट आणि मग थायोसल्फेट दिलं. वीसेक मिनिटांनी त्यानं मान उचलली. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर हा धोका पुष्कळ कमी होतो आणि नीट वाळवलेल्या कडब्यात तो फारसा राहत नाही. खोडवा, म्हणजे कापलेल्या बुडख्यातून पुन्हा आलेलं पीक, आणि पाऊस पडून नव्यानं फुटलेले कोंब मात्र फार जपून.

---

कुतूहल | शुक्रवार, रात्री 9:25

शेवटचं एक विचारतो. गाय ढेकर देते त्यातून मिथेन जातो म्हणतात, तोही जंतूंचाच का?

---

विस्कॉन्सिनकर | शनिवार, पहाटे 5:10

हो, पण वेगळ्या जंतूंचा. आम्लं तयार होताना हायड्रोजन सुटतो, तो साचला तर बाकीच्यांचं काम अडतं. मिथेन करणारे आदिम जंतू तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन करतात. एका गाईतून दिवसाला काहीशे लिटर जातो आणि तिनं खाल्लेल्या ऊर्जेतले काही टक्के त्याबरोबर उडून जातात. हेच जंतू शेणातून बाहेर पडतात, म्हणून गोबरगॅसच्या टाकीला वेगळं विरजण लागत नाही. पोटात पचायचं राहिलेलं तिथं पचतं आणि शेगडीवर भाकरी होते.

---

माणगंगेकाठी (धागाकर्ता) | रविवार, रात्री 11:30

सगळ्यांना आधी हे सांगतो, चांदणी उभी आहे.

शुक्रवारी डॉक्टरांनी अण्णांच्या बैलाचा रस्सा काढला. बैलानं फार त्रास दिला नाही. हिरवट तपकिरी, फेसाळ, चार-पाच लिटर असेल. आईनं जुनं लुगडं धुऊन फाडून दिलं, त्यातून गाळला. थर्मासमध्ये ठेवला आणि लगेच नळीनं चांदणीच्या पोटात. शनिवारी पुन्हा. शनिवारी संध्याकाळी तिनं कडब्याची एक काडी ओढली, चघळली आणि टाकली. दुसरी गिळली. आज सकाळी पुढचे पाय रोवून स्वतः उठली. दूध अजून पेलाभरच आहे, ते राहू दे. खुरांवर लक्ष ठेवतोय, काका.

आत्ता गोठ्यातूनच लिहितोय. साडेदहाच्या सुमाराला ती बसली आणि गळ्याशी काहीतरी खालून वर सरकताना दिसलं. गाल फुगला. मग जबडा बाजूला हलायला लागला. मी मोजलं, त्रेपन्न वेळा. गिळलं, क्षणभर थांबली, आणि पुढचा गोळा वर आला. आई कंदील घेऊन दारात उभी राहिली होती, तिला मी बोटानं गप्प राहायला सांगितलं. दुसऱ्या गोळ्याला अठ्ठेचाळीस.